कोरी काठी

लेनी नोविकीची बिलियर्ड्ससारखा पूल खेळायची काठी सगळ्या टोलेडो शहराला ठाऊक होती, पण ती चेंडूला शिवलेली कुणी पाहिली नव्हती. ऑर्व्हिल स्टँके नावाच्या कारागिराने मरण्यापूर्वी घडवलेली ती शेवटची. मेपलचं लाकूड, मुठीला आबनूस, त्यात शिंपल्याची नक्षी. अशा काठ्या जमवणाऱ्यांत एक गोष्ट पक्की असते: खेळण्याआधी टोकाला घासतात तो निळा खडू एकदा लागला की किंमत निम्मी. म्हणून लेनी ती पूलच्या हॉलमध्ये आणायचा, टेबलाशेजारी पेटी उघडून ठेवायचा आणि भिंतीवरची कुठलीतरी काठी घेऊन बहिणीकडून हरायचा.

ऊन-थंडीने लाकूड वाकेल म्हणून पेटी गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा बांधून. बायको मागे. हा शुद्ध मूर्खपणा आहे हे लेनीलाही कळत होतं, पण कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

"भिंतीवरची वाकडी आहे," दर गुरुवारी हरल्यावर तो म्हणायचा. "माझी काढली असती ना जेरी, तर रडत घरी गेली असतीस!"

जेरी त्याची थोरली बहीण, हॉलचा बार सांभाळणारी. आता गुडघे गेले, म्हणून ती कायमची लेकीकडे ॲरिझोनाला निघाली होती. शेवटच्या गुरुवारी ती म्हणाली, "आज काढच तुझी. होऊन जाऊ दे. मला रडवून पाठव."

लेनीने पेटीवर हात ठेवला. किमतीचं काही नव्हतं. विकणार होतं कोण? पण या काठीने खेळून हरलो, तर उद्यापासून बोलायचं काय? तरी बहीण जात होती. त्याने टोकाला खडू घासला.

आणि काय सांगावं, चेंडू मुकाट पॉकेटांत पडत गेले! जेरीचे चार टेबलावर असताना त्याचा फक्त शेवटी पाडायचा आठ नंबर उरला. लेनीने तोही टोलवला, नक्षीकडे एक प्रेमळ नजर टाकली आणि वर पाहतो तो आठ नंबरच्या मागोमाग काठीने मारायचा पांढरा चेंडूही पॉकेटात. तो पडला म्हणजे हार.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर आज अंगणही घरचंच, शिंपले जडवलेलं. लेनीला तोंड लपवायला जागा उरली नाही.

जेरीने काठी हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला. "अरे गाढवा, टोकाचं चामडं कोरं आहे हे! मुरल्याशिवाय पांढरा ताब्यात राहील कसा? वर्षभर खेळावं लागेल हिने."

"तेच तर म्हणतोय मी!" लेनी ओरडला.

"नाताळला येते. तोवर मुरव."

हॉलमधलं कुणी हसलं नाही. घरी जाताना बायको पुढे बसली होती, काठी मागे, आणि लेनी रडत गाडी चालवत होता.