तरंगत आलेलं घर

दर मंगळवारी संध्याकाळी ट्रिफी पार्डी चर्चच्या सभागृहात दोन खिळ्यांना पांढरी चादर अडकवायची, खिडक्यांचे पडदे ओढायची, आणि मग त्या चादरीवर कॅनडा यायचा. कधी बर्फावर हॉकी खेळणारी पोरं, कधी क्षितिजापर्यंत पसरलेला गहू, तर कधी होडी खांद्यावर टाकून जंगल तुडवणारा कुणी दाढीवाला. फटीतून समुद्राचा वारा आला की गहू खरोखरच डोलायचा आणि दाढीवाल्याच्या पोटाला वळ्या पडायच्या. समोर खेकड्याच्या कारखान्यातून सुटून आलेली माणसं बसलेली असत. हातांना मिठाचा वास, डोळ्यांवर झापड. त्या अर्ध्या झोपेत त्यांना हा देश दिसायचा, आणि ट्रिफीला वाटे, देश दिसायला तीच वेळ बरी.

चित्रपटांची पेटी शहरातून येई आणि पेटीबरोबर प्रश्नही येत. ‘या चित्रपटातून कॅनडाची कोणती मूल्ये दिसतात?’ ज्याने हा प्रश्न लिहिला त्याने न्यूफाउंडलंडच्या टोकाचं हे कटल कोव्ह जन्मात पाहिलं नसणार. उंटावरून शेळ्या हाकणारे कुठल्या देशात नसतात? ट्रिफीने इथल्या शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. ती निवृत्त झाली, पाठोपाठ गावातली पोरंच संपली, शाळेला कुलूप लागलं. मग कारखान्यात कामाला ही दूरदेशची मोठी माणसं आली, आणि त्यांना नवा देश शिकवायला सत्तरीला टेकलेली ट्रिफी पुन्हा बाई झाली.

मागच्या रांगेत तिचा थोरला भाऊ हेडली बसायचा. सभागृहातली ऊब फुकट असते म्हणून.

“तू यांना कॅनडा शिकवणार?” तो मोठ्यांदा म्हणायचा. “अगं, आपले बाबा समुद्रापलीकडे मेनलँडला निघाले की सांगायचे, जरा कॅनडाला जाऊन येतो. न्यूफाउंडलंड कॅनडात गेलं ते त्यांच्या तरुणपणी, मरेपर्यंत त्यांच्या लेखी तो परदेशच होता.”

“तू गप बस आणि चहा ढवळ,” ट्रिफी म्हणायची.

एका मंगळवारी, जूनच्या सुरुवातीला, गव्हाचा चित्रपट संपला तेव्हा रोडेलियोने हात वर केला. हा फिलिपिन्सचा, हसरा, कारखान्यात खेकड्यांचे पाय सोलणारा.

“बाई, हा सगळा कॅनडा बघितला. गहू बघितला, डोंगर बघितले, लाल डगल्यातले घोडेस्वार बघितले. पण यात तुम्ही कुठे आहात?”

“मी कशाला असेन?”

“नाही, म्हणजे तुमचं गाव. धुकं. हेडली काका.”

“हेडली काकांना चादर पुरायची नाही,” युक्रेनची सोलोमिया म्हणाली, आणि पोट धरून पहिला हसला तो हेडलीच.

ट्रिफी मात्र हसली नाही. पेटीच्या तळाशी एक चित्रपट होता, जो ती दर वर्षी वगळायची. आज तिने तो काढला. का काढला याला कारण होतं. ते वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्यासमोर कुणी तो विषय काढत नव्हतं. गेल्या शरदातल्या वादळाने तिच्या घरापुढचा काठ खाल्ला होता. हिवाळाभर तो आणखी ढासळत आला आणि आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं तर जमीन दिसायची नाही, नुसतं पाणी. घर हलवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन मान हलवून गेला. एवढं जड वाहन काठावर आणलं तर काठ, वाहन आणि घर तिन्ही समुद्रात जातील, म्हणाला. गावच्या समितीने नोटीस लावली. पुढच्या सोमवारी माणसं येऊन घर फळी फळी उतरवणार होती. ट्रिफीला दोन तासांवरच्या शहरात म्हाताऱ्यांसाठी बांधलेली एक खोली मिळणार होती. खोली चांगली होती. ट्रिफीला तिचा विचारही नकोसा व्हायचा.

चादरीवर करडा समुद्र आला. करड्या समुद्रावर करडं आकाश, आणि दोघांच्या मधून एक घर चाललं होतं. दुमजली, लाकडी, चौकोनी घर. खाली बांधलेली पिंपं पाण्यात बुडालेली, पुढे चार मोटारहोड्या दोर ताणून धापा टाकत होत्या. पाण्यात घराची सावली उलटी पडलेली, त्यामुळे एका घराखाली दुसरं घर चालल्यासारखं वाटत होतं. धुराड्यातून धूर निघत होता. 

चित्रपटातला निवेदक गोड आवाजात सांगत होता की हॅगडाउन बेटावरचे आनंदी कोळी सरकारच्या मदतीने नव्या जीवनाकडे निघाले आहेत. ‘आणि पाहा, घरधनिणीला तर एवढा उत्साह, की पोचायच्या आधीच तिने चूल पेटवली!’

वरच्या खिडकीत क्षणभर एका बाईचा चेहरा दिसला.

ट्रिफीने आवाज बंद केला. घर निःशब्द तरंगत राहिलं.

“ती माझी आई, आणि हे माझं घर, आज काठावर आहे तेच,” ती म्हणाली. “उत्साह कसला आलाय डोंबलाचा! बेटावरची शाळा बंद, दवाखाना नाही, बोट थांबेना. सगळ्यांनी हलायचं ठरवलं. आई म्हणाली, मी घर सोडणार नाही. बाबा म्हणाले, बरं, मग घरासकट चल. ती आत बसली. चूल पेटवली, किटली ठेवली, दार लावून घेतलं. खिडकी बंद ती बंदच. मी आठ वर्षांची. पुढच्या होडीत बसून मागे बघत होते. मला वाटलं, आई समुद्रावर राहायला निघाली.”

“ती पुढे बघत नाहीये,” लेतेब्रहान हळूच म्हणाली. ही एरिट्रियाची, वर्गात कमी बोलणारी. “मागे बघतेय. बेटाकडे.”

साठ वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि या बाईला एका नजरेत कळलं. ट्रिफीला वाटलं, कळणारच. हिनेही असंच कुठून तरी मागे पाहिलं असेल.

चादरीवर घर किनाऱ्याला लागलं. आता दोरांना माणसं होती, बाया होत्या, एक पाद्रीही होता. सगळे एकदम मागे रेलत होते आणि घर वाळूवरून वर सरकत होतं.

“हे कोण?” रोडेलियो खुर्चीच्या टोकाला आला होता.

“कटल कोव्हची माणसं. तोवर आम्ही त्यांना ओळखतही नव्हतो.”

“मग त्यांना बोलावलं कुणी?”

“बोलवत नाहीत रे. घर हलवायचं असलं की माणसं येतात. बोलावणं पाठवलं तर उलट राग येतो. ज्याचं घर त्याने फक्त आत किटली ठेवायची. इथली रीतच आहे तशी.”

आता बघा, मास्तरकी केलेल्या माणसांची एक खोड असते. गेलेली गोष्टसुद्धा ती ‘आहे’ म्हणून सांगतात. ट्रिफी ‘रीत आहे’ म्हणाली. ती रीत मरून पन्नास वर्षं झाली होती, हे सांगायचं राहून गेलं. सोलोमियाने रोडेलियोकडे पाहिलं, रोडेलियोने लेतेब्रहानकडे, आणि त्या संध्याकाळी वर्ग नेहमीपेक्षा गुपचूप घरी गेला.

पुढचे दिवस ट्रिफीने सामान बांधण्यात काढले. बांधायची कमी, हातात घेऊन बसायची जास्त. शुक्रवारी दुपारी आईच्या खुर्चीत तिचा डोळा लागला आणि स्वप्नात घर पुन्हा पाण्यावर निघालं. या खेपेला दोरही नव्हते, होड्याही नव्हत्या. घर आपलं आपण चाललं होतं, आणि आतल्या कपबशा वाजत होत्या. जाग आली तरी कपबशा वाजतच होत्या. खाली लाटा काठाला धडका देत होत्या.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. धुक्यातून बोलण्याचा आवाज आला, मग पावलांचा. मग रोडेलियो उगवला, त्याच्या मागे सोलोमिया आणि तिचा नवरा, त्यांच्या मागे कारखान्याची अख्खी पाळी. सगळ्यांच्या हातांत खेकडे सोलायचे जाड हातमोजे, खांद्यांवर गुंडाळलेले दोर.

“बाई,” रोडेलियो अभिमानाने म्हणाला, “आम्ही न बोलावता आलो.”

ट्रिफीला आधी समजेना. मग समजलं आणि ती मटकन पायरीवर बसली.

“अरे वेड्यांनो! ती साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आता कोण असं करतं? आता लोक कंपनीला फोन करतात.”

रोडेलियोचा चेहरा उतरला. मागच्यांत कुजबूज झाली.

“पण तुम्ही म्हणालात, रीत आहे,” सोलोमिया म्हणाली. तिला चूक ऐकून घ्यायची सवय नव्हती. “आम्ही दोन वर्षं तुमचे चित्रपट बघतोय. हॉकी आम्हाला येत नाही. ते होडी खांद्यावर घेणं वेडेपणाचं आहे. ही एकच गोष्ट आम्हाला समजली, आणि आता तुम्ही म्हणता, ही नाही?”

“माझ्या आजोबांच्या गावात घर खांद्यावर घेऊन नेतात,” रोडेलियो म्हणाला. “बांबू घालून. मला वाटलं, चला, निदान एक गोष्ट सारखी आहे.”

हेडली कुंपणाला टेकून उभा होता. आधी तो खो खो हसला होता. आता तो दोरांकडे पाहत होता.

“दोर चांगला आणलाय,” तो म्हणाला. मग घसा खाकरला. “पण नुसत्या हातांनी घर ओढतात होय रे, गाढवांनो? खाली ओंडके लागतात. ओंडक्यांना चरबी लागते. खांब सोडवायला जॅक लागतील. बाबांबरोबर मी तीन घरं ओढलीत. आणि जड गाडी चालत नाही म्हणाला ना तो कंपनीवाला? माणूस कुठे जड असतो?”

“हेडली,” ट्रिफी म्हणाली, “तू पंचाहत्तर वर्षांचा आहेस.”

“मी ओढणार नाही. मी ओरडणार.”

घरामागे, जरा चढावर, ट्रिफीचं बटाट्याचं वावर होतं. पक्की, कोरडी जमीन. तिथवर घर नेलं तर समुद्राला आणखी शंभर वर्षं वाट बघावी लागली असती. दिवसभर माणसं राबली. धुकं हटलं नाही, त्यामुळे कोण कुठे आहे ते दिसायचं नाही, नुसत्या कुऱ्हाडी ऐकू यायच्या. गावातली माणसं आधी खिडक्यांतून पाहत होती. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण दुपारून एकेक जण हातमोजे चढवत आला. शेवटी समितीची अध्यक्ष वर्ना स्नूक स्वतः आली. नोटिशीवर सही तिचीच होती.

“मला काही दिसत नाहीये,” ती धुक्याकडे बघत म्हणाली. “फार धुकं आहे. आणि नोटीस काठावरच्या घराला आहे. सोमवारी काठावर घर नसेल तर मी कुठल्या घराला लावू?” असं म्हणून तिने दोर धरला.

गाव करी ते राव न करी म्हणतात, ते उगीच नव्हे. फक्त गावाला कधी कधी परक्याने येऊन आठवण करून द्यावी लागते.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे दोरांना लागले. घर ओंडक्यांवर टेकलं होतं, थोडं अवघडल्यासारखं.

“आत कोण?” हेडली ओरडला. “चुलीत जाळ पाहिजे, वर भांडं पाहिजे! ट्रिफी, तुझं घर, तू बस.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ट्रिफी दारापर्यंत गेली. आत अंधार होता, आईची खुर्ची होती. साठ वर्षं तिने आईने बेट सोडताना धरलेला राग या घरात जपला होता, जणू तोही सामानातलाच एक नग. बसावं आत, लावून घ्यावं दार, लोक नेतील तिथे जावं. फार सोपं होतं ते. 

“नाही,” ती म्हणाली. “मी दोराला लागते. आत दुसरं कुणी तरी बसा.”

“मी बसते,” लेतेब्रहान पुढे आली. “पण चहा नाही. कॉफी.”

“कॉफी तर कॉफी!” हेडली म्हणाला. “पण काठोकाठ भरून ठेव. सांडली तर ओढणारे नालायक, असा नियम आहे.”

थोड्या वेळाने धुराड्यातून धूर निघाला. भाजलेल्या बियांचा दाट, गोडसर वास धुक्यात पसरला. कटल कोव्हच्या कुठल्याच धुराड्यातून असा वास कधी आला नव्हता. हेडलीने छाती भरून घेतली आणि बाबांची ती जुनी हाळी दिली, लांब, चिरकी. शेवटच्या शब्दाला सगळे मागे रेलले. काही झालं नाही. दुसरी हाळी. काही नाही. ट्रिफीचे तळवे जळत होते. तिच्यापुढे रोडेलियोची पाठ होती, मागे वर्ना स्नूक धापा टाकत होती.

तिसऱ्या हाळीला घर कण्हलं आणि निघालं.

ते सावकाश निघालं. धुक्यात खालची जमीन दिसत नव्हती, माणसांचे पाय दिसत नव्हते. पांढऱ्यातून घर पुन्हा तरंगत चाललं होतं, धूर सोडत, जराही घाई नसल्यासारखं. ट्रिफी उलट्या पावलांनी दोर ओढत होती, म्हणून तिला घर सबंध वेळ समोर दिसत होतं. ती आठ वर्षांची असताना पुढच्या होडीतून दिसलं होतं, अगदी तसंच. वरच्या खिडकीत एक बाई होती.

बटाट्याच्या वावरात घर टेकलं. माणसं जिथल्या तिथे बसली. सगळ्यांची नजर वर गेली.

आईची खिडकी कित्येक वर्षांत उघडली नव्हती, रंगाने चिकटून बसली होती. आतून दोन धक्के बसले आणि ती उघडली. लेतेब्रहानने दोन्ही हातांत धरलेली बशी बाहेर काढली. बशीत एक छोटा कप होता, काठोकाठ भरलेला.

“बाई!” वर्गात कधी न बोलणारी ती बाई अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली. “नाही सांडली!”

ट्रिफी तिथेच मातीत बसून लहान पोरीसारखी रडली. मग उठली, बाहीने नाक पुसलं आणि कॉफी प्यायला वर गेली.