दोन बोटांची टकटक

शनिवार होता. जर्मनीत गेर्लिंगेनमधल्या आपल्या छोट्या स्वयंपाकघरात रोहिणीने अमरावतीहून भेटायला आलेल्या बाबांच्या कपात चहा ओतला, तशी सुदामरावांनी दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक केली.

"झालं यांचं सुरू," कमलाबाई म्हणाल्या. "अहो, तोंडाने आभार मानले तर काही बिघडतं का?"

"शांघायची पद्धत आहे ही. चहा ओतणाऱ्याचे आभार बोटांनी मानायचे, म्हणजे चाललेलं बोलणं तुटत नाही. विचार लेकीला."

"तुम्ही कधी गेला होतात शांघायला?"

"गेलो होतो की! चांगलं एक सेमिस्टर. अमरावतीहून, फोनवर."

ते काही अगदीच खोटं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी स्टुटगार्टला शिकताना रोहिणी एका सेमिस्टरसाठी शांघायला गेली होती. विषय व्यापार आणि संस्कृती. पोस्टातून नुकतेच निवृत्त झालेले सुदामराव तिला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करत. 'जय भीम' झालं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय शिकवलं?" मग वहीत टिपून घेत आणि फोन ठेवता ठेवता उद्यासाठी एक प्रश्न देत. उत्तर तयार ठेवायचं म्हणून रोहिणीला वर्गात लक्ष द्यावंच लागे.

"खरं सांग," चहात टोस्ट बुडवत बाबांनी विचारलं, "तिकडे कधी रडली होतीस का गं?"

"छे! मजेत होते मी."

"बरं," ते म्हणाले आणि मऊ पडलेला टोस्ट कपात गळायच्या आत त्यांनी शिताफीने तोंडात टाकला. दुपारी ते सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या परत करायला गेले. यंत्र बाटली गिळतं आणि तिच्या पैशांची चिठ्ठी देतं, हे बघायला त्यांना फार आवडे.

रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं.

चार महिन्यांनी कमलाबाई अमरावतीहून परत लेकीकडे आल्या. बॅगेत साडीच्या घडीत ती वही होती. चहा उकळेपर्यंत रोहिणी पानं उलटत राहिली. 'व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे.' 'माशाचे तोंड मुख्य पाहुण्याकडे. पाहुणा शाकाहारी असल्यास? विचारणे.' तिला हसू फुटलं. किती दिवसांनी!

मग सतरा ऑक्टोबरचं पान आलं.

'रोहिणीचा आवाज बसलेला. डोळे सुजलेले. ये म्हटले तर लगेच येईल, म्हणून म्हणणार नाही. उद्याचा प्रश्न मुद्दाम अवघड दिला: चिनी माणूस "नाही" हा शब्द न वापरता नकार कसा देतो?'

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. खाटेवर भरलेली बॅग होती, दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट होतं. बाबांच्या प्रश्नाचं एवढं उत्तर मिळवून मग निघू, म्हणून सकाळी ती प्राध्यापकांकडे गेली. तिथे दोन तास बोलत बसली. विमान गेलं.

तिने आईच्या कपात चहा ओतला. कमलाबाईंनी दोन बोटं वाकवली आणि टेबलावर हलकेच टकटक केली.

रोहिणीने वही मिटली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"रडले होते, बाबा," ती म्हणाली. "परतीचं तिकीटही काढलं होतं. तुमच्या प्रश्नापायी थांबले."