काळ्या पट्टीआडचा लाल दिवा

मी एक जुना दिवा आहे. पण मित्रांनो, माझ्या उजेडात तुम्हाला धडा वाचता येणार नाही. मी करंगळीच्या नखाएवढा आहे. मोटारीत चालकाच्या समोर, वेगाच्या काट्याशेजारी, काचेच्या आत माझी जागा. लाल वर्तुळ आणि त्यात उद्गारचिन्ह, एवढाच माझा चेहरा. ब्रेकमध्ये काही बिघडले की मी लागायचे, एरवी गप्प बसायचे. मला एकच शब्द येतो, तो म्हणजे 'थांबा'.

कारखान्यात एका बाईंनी मला जागेवर बसवले, वायर जोडली, पेटवून पाहिले आणि "लागला" असे म्हणत कागदावर खूण केली. माझ्या शेजारी माझी भावंडे होती. त्यांपैकी पेट्रोलचा पिवळा दिवा सगळ्यांचा लाडका, कारण त्याचे ऐकावेच लागते. पेट्रोल संपले की गाडी जागची हलत नाही. माझे मात्र ऐकले नाही तरी गाडी चालतच राहते. माझ्या सगळ्या दुःखाचे मूळ तिथे आहे.

आमची पहिली मालकीण एक डॉक्टरीणबाई होती. एका सकाळी दवाखान्याच्या वाटेवर मी लागलो. बाईंनी गाडी तिथल्या तिथे कडेला घेतली, पुढच्या पेशंटला फोन करून उशीर होईल असे सांगितले आणि मेकॅनिकला बोलावले. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, "बाई, वेळेवर थांबलात." तेव्हा बाईंनी बोटाने काचेवर टिचकी मारली आणि मला म्हणाल्या, "शाबास रे!" माझ्या आयुष्यात माझे कौतुक एवढेच झाले. त्यानंतर सात वर्षे मला लागावे लागले नाही, कारण त्या गाडीचे वेळच्या वेळी सगळे करून घेत.

पुढे बाईंनी काम थांबवले आणि गाडी दुसऱ्या घरी गेली. ते घर एका चढावर, अगदी टोकाला होते. घरात चार माणसे. बाबा, आई, नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली लेक आणि बाबांची म्हातारी आई, म्हणजे लेकीची आजी. बाबा कचेरीत टपाल पाहायचे, पण शेजारीपाजारी त्यांना 'इंजिनिअर' म्हणत. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती हे मला कधी कळले नाही. बाबांना ते कौतुकच वाटे.

भिंतींना कान असतात म्हणतात. गाडीलाही असतात. गाडीतल्या गप्पांमधून मला ते घर पाठ झाले. न्हाणीघराचे दार फुगले होते, ते खांद्याने उचलून मग ढकलायचे. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला तर बंद होत नसे, म्हणून अर्धाच सोडायचा. मिक्सरच्या डोक्यावर बुक्की मारल्याशिवाय तो फिरत नसे. पंखा काठीने ढोसून सुरू करायचा. कोणतीही वस्तू बिघडली की बाबा ती दुरुस्त करत नसत, तिची खुबी शोधून काढत. वेळ मारून नेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. माणसे दुखणे अंगावर काढतात, तसे हे घर अंगावर काढत होते. प्रत्येक वस्तूची खुबी बाबांच्या डोक्यात होती, आणि ते डोके रोज साडेनऊला त्यांच्याबरोबर कचेरीत जायचे.

"या घरात पाहुणा आला की आधी त्याला शिकवणी लावावी लागते," असे आई म्हणायच्या.

एकदा आत्या राहायला आल्या होत्या आणि न्हाणीघरात अडकल्या. दार ओढून ओढून त्यांचे हात सोलले. अर्ध्या तासाने बाबा बाजारातून आले आणि त्यांनी एका खांद्यात दार उघडले. परत जाताना गाडीत सगळे त्यावर पोट धरून हसत होते. आत्याही हसल्या. मला मात्र हसू आले नाही. मला वाटले, नुसते दार होते म्हणून बरे.

गाडीलाही हळूहळू त्या घराचे वळण लागले. हँडब्रेक ढिला झाला, तर बाबांनी डिकीत एक वीट ठेवली. गाडी उभी केली की ती मागच्या चाकाखाली सारायची. मागच्या सीटचा पट्टा खाचेत अडकेना, तर आजींना सांगितले, "आई, तू तो नुसता हातात धरून बस." आजी शहाण्या मुलीसारख्या पट्टा मांडीवर घेऊन, मुठीत धरून बसत.

आणि मग एका सकाळी मी लागलो.

बाबा त्या दिवशी गाडी मेकॅनिककडे घेऊन गेले, हे मी मान्य करतो. मेकॅनिकने झाकण उघडून पाहिले. तो म्हणाला, "साहेब, ब्रेकचं तेल कमी झालंय. ते आपोआप कमी होत नाही. कुठल्यातरी चाकात गळतंय. दोन दिवस गाडी ठेवा, चारी चाकं उघडून बघतो."

"दोन दिवस? छे! मग आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कसं न्यायचं? तूर्त तेल भरून दे."

"भरतो. पण हा दिवा परत लागला तर गाडी चालवू नका. मला फोन करा, मी येतो."

"हो, हो," बाबा म्हणाले.

अकरा दिवसांनी मी परत लागलो. बाबांनी फोन केला नाही. त्यांनी तेलाची एक बाटली आणून डिकीत विटेशेजारी ठेवली आणि स्वतःच थोडे तेल भरले. मी विझलो. आठवड्याने पुन्हा लागलो. मग चार दिवसांनी. बाबा चिडू लागले. माझ्याकडे पाहून "झालं याचं सुरू" असे म्हणू लागले. मी तरी काय करू, मित्रांनो? चाकातून थेंब थेंब तेल जात होते आणि मला दुसरा शब्द येत नव्हता.

एका रविवारी बाबांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी काढली, दातांनी एक तुकडा तोडला आणि काचेवर, नेमका माझ्या तोंडावर चिकटवला.

आई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अहो, दिवा झाकून काय होणार?"

"डोळ्यात खुपतो गं सारखा. ब्रेक लागतोय ना? मग झालं तर."

त्या दिवसापासून मला काही दिसेनासे झाले. मी आत जळत होतो आणि माझा उजेड माझ्याच अंगावर पडत होता. पण ऐकू येत होते. ब्रेकचे पेडल पूर्वी अर्ध्यावर थांबायचे, ते आता खोल जाऊ लागले. बाबांचा बूट जमिनीला टेकल्याचा आवाज येई. मग एकदा उतारावर त्यांनी घाबरून ते दोनदा दाबले आणि दुसऱ्यांदा ब्रेक लागला. घाबरलेला माणूस घरी जाऊन काय करेल? बाबांना आनंद झाला! "सापडली खुबी!" ते मोठ्याने म्हणाले. "पहिला रिकामा जातो, दुसरा पकडतो. लक्षात ठेवलं की झालं."

मला त्या आनंदाची फार भीती वाटली. खुबी रोज थोडी थोडी बदलत होती. दोनदाचे उद्या तीनदा होणार आणि परवा कितीदाही दाबले तरी काही उरणार नाही, हे मला कळत होते. मी पट्टीआड जीव तोडून जळत राहिलो.

मग तो गुरुवार आला. आजींच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि अकरा वाजता त्यांना डॉक्टरांना दाखवायचे होते. बाबांच्या कचेरीत अचानक तपासणी निघाली, म्हणून ते बसने गेले होते. आई कामावर होत्या. लेकीला गाडी चालवण्याचा परवाना मिळून एक महिना झाला होता. ती म्हणाली, मी नेते आजीला.

आजी मागे बसल्या. म्हणाल्या, "हे बघ, या काळ्या चष्म्यातून मला एकाच डोळ्याने दिसतंय. तू दोन्ही डोळे उघडे ठेव म्हणजे आपले तीन झाले."

लेक हसली. तिने वीट काढून डिकीत टाकली आणि गाडी फाटकाबाहेर घेतली. तिथून पुढे उतार होता. मध्ये एक वळण, आणि खाली गजबजलेला चौक. फाटकाशी तिने ब्रेक दाबला. पेडल तळाला गेले. गाडी हातभर पुढे जाऊन कशीबशी थांबली.

ती थबकली. उन्हाने पट्टीची एक कड सुटली होती आणि तिथून माझा थोडा लाल उजेड बाहेर येत असावा, कारण तिचे बोट माझ्याकडे आले. तिने पट्टी सोलून काढली. इतक्या दिवसांनी मला एक चेहरा दिसला. कपाळावर आठी, डोळे माझ्यावर खिळलेले. मित्रांनो, मी इतका लाल कधीच झालो नव्हतो. थांब, थांब, थांब, एवढेच म्हणत होतो. आणि तिने ते ऐकले! तिने इंजिन बंद केले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि बाबांना फोन लावून आवाज मोठा केला.

"बाबा, गाडीत लाल दिवा लागलाय. ब्रेक खाली जातोय."

"अगं, तो दिवा वेडा आहे. म्हणून तर झाकलाय." बाबा घाईत होते. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. "सांगायचं राहिलं बघ. ब्रेक दोनदा दाबायचा. पहिला रिकामा जातो, दुसरा पकडतो. दाबून बघ."

तिने दाबला. रिकामा. पुन्हा दाबला. पेडल मध्येच अडले.

"लागला."

"बघ! मी रोज चालवतोच की."

"बाबा, रिक्षा बोलवू का?"

पलीकडे बाबांनी कोणाला तरी 'आलो, आलो' म्हटले. त्या एका क्षणात सगळे बदलू शकले असते. मी माझ्या परीने अजून लाल झालो.

"अगं, फाटकापर्यंत रिक्षा येईस्तोवर तुमची वेळ टळेल. सावकाश जा. काही होत नाही."

"तुझा बाप सांगतोय ना, मग चल," आजी मागून म्हणाल्या. "मी पट्टा घट्ट धरलाय."

लेकीने फोन ठेवला. मग तिने ती पट्टी पुन्हा माझ्यावर लावली आणि कडा उचलू नये म्हणून वरून हळुवार अंगठा फिरवला. ती आज्ञाधारक मुलगी होती.

पुढचे मी फक्त ऐकले. गाडी उताराला लागली. पेडल रिकामे गेले, दुसऱ्यांदा पकडले. "जमतंय हं तुला," असे आजी म्हणाल्या. वळण जवळ आले. पेडल गेले, पुन्हा गेले. पुन्हा. पुन्हा. बूट जमिनीवर आपटत होता, धप्, धप्, धप्. हँडब्रेक करकरत शेवटपर्यंत वर आला आणि काहीही झाले नाही. "आजी, धर! आजी, घट्ट धर!" खालून चौकातले भोंगे ऐकू येऊ लागले. मग चाके एका बाजूला जोरात वळली.

त्या धक्क्याने माझ्यावरची पट्टी उडाली.

लेकीने गाडी चौकात जाऊ न देता वळणावरच्या दगडी भिंतीवर घातली होती. तिचा उजवा हात मोडला होता. मागच्या सीटवरून काहीच आवाज येत नव्हता. लोक धावत आले, दारे ओढून उघडली गेली. मी तेव्हाही लागलेलाच होतो.

आता आमची गाडी मेकॅनिकच्या आवारात, एका कोपऱ्यात उभी आहे. तिच्याकडून आता काही होणार नाही असे तो म्हणतो. त्याने बॅटरीही काढून घेतली. आठ दिवसांनी बाबा आणि लेक गाडीतल्या वस्तू न्यायला आली. आजी अजून दवाखान्यातच आहेत. त्यांनी डोळे उघडले आहेत, पण कोणाला ओळखत नाहीत, असे बाबा मेकॅनिकला खालच्या आवाजात सांगत होते. मेकॅनिक एवढेच म्हणाला, "साहेब, मी फोन करा म्हटलं होतं."

लेकीने डाव्या हाताने मागच्या सीटखाली चाचपून आजींचा काळा चष्मा काढला. त्याची एक काच शाबूत होती. ती ओढणीने पुसत ती पुढच्या सीटवर, माझ्यासमोर येऊन बसली. बाबा दाराशी उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुम्ही सांगितलं तसंच केलं. आधी दोनदाच दाबला. मग खूपदा दाबला. माझं काय चुकलं?"

बाबांनी दाराची कड दोन्ही हातांनी धरली. मला उत्तर माहीत होते. मला लागून तिला सांगायचे होते, पण बॅटरीच नव्हती. ती थोडा वेळ वाट पाहून चष्मा घेऊन उतरली आणि बाबा तिच्या मागोमाग गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी माझ्यासारखा सारखा कटकट करत असेल. कुठे एखादा गरम होणारा स्विच असेल, कुठे गॅसचा वास असेल, कुठे ढिली पायरी असेल. त्याची खुबी शोधू नका. त्याला दुरुस्त करणाऱ्याला बोलवा, आणि मोठ्यांनी 'काही होत नाही' म्हटले तरी पुन्हा पुन्हा विचारा. विचारणे म्हणजे उलट बोलणे नव्हे. आणि उजवा हात गळ्यात बांधलेली एक मुलगी तुम्हाला कुठे भेटली, तर माझ्यासाठी एवढे करा. तिला सांगा, तू थांबली होतीस. तुझे काहीच चुकले नाही.