बघण्यासारखी ठिकाणं

मेव्हणे राजवाड्याच्या पाटीवरचा मजकूर मोठ्यानं वाचत होते, तेवढ्यात आयरिश माळ्यानं हात लांबवून जाळीवरच्या वेलाची एक वाळकी शेंग अंगठ्याच्या नखानं खुडली आणि कोटाच्या खिशात टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

"तीनशे खोल्या!" मेव्हणे म्हणाले. "आणि दादा, एका खोलीचं छत दुसरीसारखं नाही."

"आणि माळी एकही नाही," तो म्हणाला.

वेल स्वीट पीचा, सुगंधी फुलांचा होता. त्याला शेंगा धरू देणं म्हणजे माळ्याच्या लेखी शुद्ध कामचुकारपणा. फूल सुकलं की खुडायचं. शेंग पिकू दिली की वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि तो फुलायचा थांबतो. इथल्या शेंगा तर वाळून तपकिरी झाल्या होत्या, म्हणजे महिनाभर कुणी इकडे फिरकलेलं नव्हतं. चाळीस वर्षं एका मोठ्या इस्टेटीची बाग सांभाळलेल्या माणसाचे हात अशा वेळी शिवशिवणारच. मात्र दुसऱ्याच्या बागेत कचरा टाकायचा नाही, एवढी रीत तो परदेशातही पाळत होता. म्हणून सगळं खिशात.

आठवडाभर हे असंच चाललं होतं. मेव्हणे, म्हणजे बहिणीचा नवरा, निवृत्त बसड्रायव्हर. शहरातली प्रेक्षणीय स्थळं त्यांना थांब्यांच्या क्रमानं पाठ. रोज सकाळी ते उत्साहानं पाहुण्याला बाहेर काढायचे आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आणायचे. जगप्रसिद्ध कारंजं पाहून माळ्यानं विचारलं, ही गळती कुणी दुरुस्त का करत नाही? मनोऱ्याच्या दोनशे चौदा पायऱ्या चढून त्यानं खाली डोकावलं आणि चौकातल्या हिरवळीची कड वाकडी कापली आहे, असा निकाल दिला. संग्रहालयात तो दारातल्या बाकावरच बसून राहिला. तळ्याला तर त्यानं सरळ डबकं म्हटलं, आणि तेही होडीवाल्यासमोर.

बहीणही त्यांच्याबरोबर फिरत होती. लग्न होऊन ती इकडे आली त्याला तेहेतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत भाऊ पहिल्यांदाच आला होता, तोही तिनं तीन पत्रं पाठवल्यावर. ती स्वतः माहेरी शेवटची गेली ती आईच्या अंत्यविधीला. दोन दिवसांत परत आली आणि नंतर कधी गेली नाही. का, ते त्यानं विचारलं नव्हतं.

राजवाड्याहून परतताना बसमध्ये ती त्याच्या शेजारी बसली.

"दादा, एक तरी आवडलं का रे तुला?"

"हवा बरी आहे," तो म्हणाला. उपकार केल्यासारखं.

"उद्या दुपारी तू निघणार. सकाळी एक शेवटचं ठिकाण दाखवायचंय."

"अजून उरलंय?"

"जवळच आहे. बसनं जावं लागणार नाही."

संध्याकाळी ती शिवलेले कपडे पोचवायला गेली आणि मेव्हणे खुर्चीत पेंगू लागले, तेव्हा माळी पाय मोकळे करायला मागच्या गच्चीत आला. कोपऱ्यातल्या कुंडीत सुतळीच्या आधारानं एक मरतुकडा वेल चढला होता. त्यावर फूल एक नाही, आणि वाळक्या शेंगा चार. त्यानं कपाळाला हात लावला. परक्यांचं एक वेळ समजू शकतो, पण माळ्याच्या बहिणीच्या घरी हे? त्यानं चारही शेंगा खुडून कोटाच्या खिशात टाकल्या, पिवळी पानं काढली, सुतळी नीट ताणून बांधली. या अख्ख्या देशात आपल्या हातून तेवढं एक काम धड झालं, असं त्याला मनापासून वाटलं.

सकाळी चहा झाल्यावर बहिणीनं त्याचा हात धरला, लहानपणी धरायची तसा, आणि त्याला गच्चीत नेलं. मेव्हणे हसत मागोमाग आले. कुंडीपाशी ती थांबली. तिनं पानं वर करून पाहिली. मग वाकून कुंडीच्या मागं पाहिलं.

"काल होत्या," ती म्हणाली. "चार होत्या."

"काय होतं?" माळ्यानं विचारलं.

"शेंगा. आईच्या वेलाच्या."

मग तिनं तिथंच, वेलाकडे बघत सांगितलं. लग्न होऊन निघताना तिनं आईच्या कुंपणावरच्या बिया काडेपेटीत घालून आणल्या होत्या. दर वर्षी पेरायच्या, दर वर्षी नव्या बिया धरून ठेवायच्या. यंदा उन्हानं सगळे वेल करपले, हा एकच वाचला. त्याची पुढची फुलं गेली तरी चालतील, म्हणून तिनं पहिल्या फुलांच्याच शेंगा धरल्या.

"तुझ्यासाठी धरल्या होत्या," ती म्हणाली. "आई गेली आणि लोक येणार म्हणून तू कुंपण साफ केलंस. मी आले तेव्हा नुसत्या तारा होत्या. खांब रंगवलेले, आणि नुसत्या तारा. म्हटलं, जाताना याच्या हातात देऊ, परत लाव म्हणून सांगू."

"चिमण्यांनी नेल्या असतील गं," मेव्हणे हळूच म्हणाले.

"हो. चिमण्याच असतील."

माळ्याचा हात कोटाच्या खिशात होता. चिमण्यांवर भागलं असतं. दुपारचं विमान होतं आणि या घरात कुणी त्याचे खिसे तपासणार नव्हतं.  पण तो आत गेला आणि तिच्या शिवणाच्या टेबलावर त्यानं खिसा उलटा केला. शेंगा रात्रीत तडकल्या होत्या. पिळवटलेली सालं आणि त्यांतून सुटलेल्या काळ्या, वाटोळ्या बिया टेबलभर पसरल्या.

"मी खुडल्या," तो म्हणाला. "सवयीनं. यात राजवाड्यातल्याही आहेत."

बहिणीनं खुर्ची ओढली आणि मशीनचा दिवा लावला. बराच वेळ ती बियांवरून बोट फिरवत राहिली.

"तू माळी आहेस. सांग, आईच्या कुठल्या?"

"बियांवरून नाही कळत. फुलल्यावर कळेल. रंगावरून."

"राजवाड्यातली कुठल्या रंगाची होती?"

राजवाड्याच्या वेलावर वर उरलेली दोन-चार फुलं त्यानं बघितलीच नव्हती. त्याला फक्त शेंगा दिसल्या होत्या.

"आणि आईची?"

 खांब किती होते ते त्याला आठवत होतं. दोन तारांमधलं अंतर आठवत होतं, खांबांना लावलेला हिरवा रंग आठवत होता. फुलं काही केल्या डोळ्यांसमोर येईनात. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बहीण रागावली नाही. तिनं बोटानं बियांचे दोन ढीग केले, एक बटणांच्या डबीत भरला आणि दुसऱ्यासाठी कागद फाडला.

"अर्ध्या तू ने."

"नेतो. कुंपणालाच लावतो. पण वेल फुलले की ओळखायला तुला यावं लागेल."

 पुडीची घडी तिनं दोनदा घातली आणि वर दोरा गुंडाळला.

जायची गोष्ट निघताच मेव्हण्यांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला.

"मग मीही येणार हं! तुमच्याकडे बघण्यासारखं काय काय आहे, दादा?"

माळ्यानं पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"काही नाही," तो म्हणाला. "एक कुंपण आहे. तेही सध्या रिकामं आहे."