अकरा मुठी

चैतालीचा हात मिठाच्या पिशवीत गेला आणि तिथेच थांबला.

“टाक की गं,” दाराशी कोथिंबीर निवडत बसलेले झुंबरकाका म्हणाले. “फक्त मागल्या साली मी टाकलं तसं नको.”

“काका, तुम्ही किती मुठी टाकल्या होत्या?”

“अकरा. तुझा बा टाकायचा तेवढ्याच. तपेलं तेच, डाळ तेवढीच. तरी आमटी लय खारट झाली. देवाच्या दारात कोण बोलतंय? लोक पाणी पिऊन उठले.”

देवळाली कॅम्पातल्या या छोट्या विठ्ठलमंदिरात काल्याच्या कीर्तनाची आमटी बावीस वर्षं चैतालीच्या वडिलांनी, अण्णांनी केली, कारखान्यात रजा टाकून. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, हा इथला नेम. तरी मीठ कधी चुकलं नाही. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या पंगतीत कुणीसं हळूच म्हणालं होतं, “गोटीराम गेला, चवही गेली.” ते चैतालीला इतकं लागलं, की यंदा पळी तिनंच मागून घेतली. अण्णांची आमटी एकदा तरी पानात पडायला हवी होती.

“आई, नक्की अकराच ना?”

“मुठीगणिक विठ्ठल म्हणायचे. शेजारी बसून मोजलंय मी,” लताबाई म्हणाल्या. “मूठ मात्र कधी धड पोचली नाही. पिशवीपासून तपेल्यापर्यंत मीठ सांडायचं. दरवर्षी मी आपली कुरकुरत झाडायचे.”

चैतालीनं मूठ भरून बाहेर काढली. एक कणही सांडला नाही. ती मुठीकडे बघत राहिली.

“आई, अण्णांची बोटं.”

आलं सोलणारा लताबाईंचा हात थबकला. अण्णांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चैतालीच्या जन्माआधीच मशीनखाली गेली होती. पण त्याच हातानं ते लाडू वळायचे, लेकीची वेणी घालायचे, कीर्तनात टाळ धरायचे. घरात त्या बोटांची आठवणच कुणाला राहिली नव्हती.

“पांडुरंगा,” काका पुटपुटले. “आन् मी पाची बोटांनी मूठ भरून टाकत बसलो.”

चैतालीनं मूठ पिशवीत परत ओतली, शेवटची दोन बोटं तळहाताशी मुडपली आणि पुन्हा मीठ घेतलं. “विठ्ठल,” ती म्हणाली. फरशीवर पांढरी रेघ पडत गेली. बाहेर कीर्तनात बुवा गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते.

पंगतीत झुंबरकाकांनी पहिला भुरका मारला. द्रोण रिकामा करून तो पुन्हा पुढे धरला.

दुपारी देऊळ रिकामं झाल्यावर लताबाईंनी झाडू घेतला. सालपटं, देठं, सांडलेला भात, सगळं गोळा केलं. मिठाच्या रेघेपाशी आल्या, तिला वळसा घातला आणि पुढचं झाडू लागल्या.