पाव फेरा

तो लोखंडी दरवाजे आणि शटरं बसवायचा, आणि धंद्यातले लोक त्याला पाठीमागे ‘पाव फेरा’ म्हणायचे. कारण सरळ होतं. दुसऱ्या कुणी आवळलेला बोल्ट दिसला की याचे हात शिवशिवायला लागायचे. पाना लावायचा, पाव फेरा आणखी फिरवायचा, तेव्हा कुठे याचा जीव भांड्यात पडायचा. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या सख्ख्या भावाने बसवलेलं एक फाटक निखळून चौकीदाराच्या पायावर पडलं होतं. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला, तो उडालाच.

घरातही तेच. नळ असा आवळून बंद करायचा की दर दोन महिन्यांनी वॉशर बदलावा लागे. बरण्यांच्या झाकणांबद्दल तर बोलायलाच नको. बायको कामावर फोन करून विचारायची, “अहो, कधी येताय? साखरेची बरणी उघडत नाहीये.” आणि या गृहस्थाला ती आपली स्तुती वाटायची! असतात अशी माणसं.

आता गाडीचं. त्याला एकच मुलगी, सोळा वर्षांची. लहानपणापासून एका जागी टिकली नाही म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. आठ महिन्यांपूर्वी तिने एका बंद गोदामामागे गवतात रुतलेली एक जुनी, दोन दारांची, वाटोळ्या डोळ्यांची इवलीशी मोटार शोधून काढली आणि हट्ट करून घरामागच्या शेडमध्ये आणवली. दोघांनी मिळून ती उभी करायची, असं ठरलं. गंज बापाने काढला, पत्रा बापाने ठोकला. ब्रेक, चाकं, वायरी आणि इंजिन पोरीने अंगावर घेतलं. शाळेतून आली की दप्तर भिरकावून थेट शेडमध्ये.

तिथंवर सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग तिने मोटार दुरुस्तीच्या दोन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म आणला. पालकांची सही हवी, शेवटची तारीख सोमवार. बापाला भीती वाटली. जॅकवरून घसरलेल्या गाड्या, पंख्याच्या पट्ट्यात गेलेली बोटं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पण भीती वाटते असं म्हणायला जीभ वळेल तर तो बाप कसला. तो चिडला.

“रविवारी इंजिन चालू कर,” तो म्हणाला. “तुझ्या हातचं इंजिन दहा मिनिटं धड चाललं तर सही करतो. नाहीतर या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.”

“दहा मिनिटं. नक्की?”

“एकदा सांगितलं ना!”

शनिवारी तिने इंजिनाचं हेड बसवलं. हेड म्हणजे इंजिनावरचं जड झाकण. ते दहा बोल्टांवर बसतं, आणि ते बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोरानेच आवळावे लागतात. कमी नाही, जास्त तर मुळीच नाही. कारण खालचं धड अॅल्युमिनियमचं, मऊ. त्यासाठी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकूंकडून तिने जोर मोजणारा पाना मागून आणला होता. पुरेसा आवळला गेला की तो ‘कट्ट’ करून वाजायचा. दहा बोल्ट, दहा कट्ट. बाप दारात उभा राहून ऐकत होता. त्याला तो प्रकार पोरखेळ वाटला. पाना काय सांगणार? मनगट सांगतं!

रविवारी सकाळी सात वाजता पोरगी गाढ झोपेत होती. बाप शेडमध्ये गेला. प्रत्येक बोल्टवर नेलपॉलिशची एकेक बारीक लाल रेघ होती.

“घ्या! इंजिनालाही नटवलंय,” तो पुटपुटला आणि त्याने आपला लांब दांड्याचा पाना लावला.

एक, पाव फेरा. दोन, पाव फेरा. सहापर्यंत सगळे करकरून बसले. सातवा आधी ताठ झाला आणि मग अचानक, लोण्यात सुरी जावी तसा, मऊ फिरला. आतले आटे गेले होते. त्याच्या मनगटाला ते तत्क्षणी कळलं. वीस वर्षांचं मनगट होतं ते, खोटं बोलत नव्हतं.

मग खरं तर त्याने पोरीला हाक मारायला हवी होती. तेवढंच करायचं होतं. तो दोन मिनिटं तसाच उभा राहिला. मग उरलेले तीनही बोल्ट आवळले (हो, तरीही आवळले!), फडक्याने हात पुसले आणि आत जाऊन चहा गार आहे म्हणून बायकोवर खेकसला.

“आत्ता ओतलाय,” बायको म्हणाली. “वाफ दिसत नाही का?”

अकरा वाजता सगळे जमले. सगळे म्हणजे चौघं. गॅरेजवाल्या काकू मुद्दाम दुकान बंद ठेवून आल्या होत्या. भिंगरीने किल्ली फिरवली. गाडी दोनदा खाकरली, तिसऱ्यांदा धरली, आणि शेडचा पत्रा थरथरायला लागला. पोरगी स्टेअरिंगमागून किंचाळली. आईने टाळ्या वाजवल्या. बापही हसला. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तो सातवा बोल्ट विसरलाही होता.

चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला हेडखालून फुस्स झालं, पांढरी वाफ उसळली आणि उकळतं पाणी फरशीवर पडायला लागलं. तिने झटकन इंजिन बंद केलं.

आणि हा माणूस फुटला.

“सांगत होतो! घसा कोरडा करून सांगत होतो! हे येरागबाळ्याचं काम नाही. कट्ट वाजलं म्हणे! एक झाकण धड बसवता येत नाही आणि निघाली लोकांच्या गाड्या दुरुस्त करायला. उद्या तू बसवलेल्या ब्रेकने कुणी मेलं म्हणजे? तो फॉर्म चुलीत घाल!”

जितका आवाज चढत होता तितकं त्याला आतून बरं वाटत होतं, कारण आवाज चढलेला असेपर्यंत ते मनगट गप्प होतं.

पोरीचे डोळे भरून आले. उलट बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात स्वतःशीच मोजायला लागली. “पाच, सहा, चार, सात... क्रम बरोबर होता. जोरही बरोबर होता. काकू, खरंच बरोबर होता हो.”

काकू तोवर इंजिनावर वाकल्या होत्या. त्यांनी बोल्टांवरून एकदा नजर फिरवली, मग बापाकडे पाहिलं, मग म्हणाल्या, “पोरी, रडू नकोस. तुझ्या रेघा बघ.”

भिंगरी वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. उठली तेव्हा रडणं पार गेलं होतं.

“बाबा, सकाळी शेडमध्ये कोण आलं होतं?”

“कोण येणार? चोर?”

“या रेघा नटवायला नाही काढल्या. बोल्ट पुरेसा आवळला की त्याच्या डोक्यावरून खाली हेडवर एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट नंतर जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. दहाही तुटल्यात. सगळ्या सारख्याच तुटल्यात. बघा ना. बघा!”

त्याने पाहिलं. हेडवरची रेघ एकीकडे, बोल्टवरची दुसरीकडे. दहाच्या दहा.

“पाव फेरा,” दारातून त्याची बायको म्हणाली. तिने आयुष्यात कधी त्याला त्या नावाने हाक मारली नव्हती.

“मी तुझ्या काळजीने...” तो म्हणाला. “सातवा जरा... तेव्हाच हाताला जाणवलं होतं मला.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय कबूल केलं.

“तेव्हाच?” पोरगी म्हणाली. “सकाळीच माहीत होतं तुम्हाला? आणि तरी मला किल्ली फिरवू दिलीत? तरी काकूंसमोर एवढं बोललात?”

त्याने फडकं उचललं आणि कोरडेच हात पुसायला घेतले.

“आणि आधीचं काय? ब्रेक? चाकं? सीटचे बोल्ट? ते पण?”

शेडमध्ये फरशीवर पाणी टपकत होतं.

“म्हणजे सगळंच. आठ महिने मी इथे काम करत होते की भातुकली खेळत होते? मी झोपले की तुम्ही येणार, माझं सगळं पुसून तुमचं करून ठेवणार. या गाडीत माझं काय आहे, बाबा? एक बोल्ट दाखवा. एकच!”

दाखवायला एकही बोल्ट नव्हता. त्याला संताप आला, आणि सोळा वर्षांच्या पोरीने चौघांत आपलं नाक कापलं म्हणून आला असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“फॉर्म आण,” तो ओरडला.

“चारच मिनिटं चाललं. दहा ठरली होती.”

“आण म्हणतो ना!”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या वर्तमानपत्रावरही नाव उमटलं. भिंगरीने फॉर्म उचलला, सही नीट पाहिली, घडी करून पाकिटात घातला आणि पाकिटाचं तोंड डिंकाने चिकटवलं. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

मग तिने खिशातून ती नेलपॉलिशची बाटली काढली आणि पाकिटाच्या तोंडावर एक सरळ लाल रेघ ओढली. अर्धी वरच्या कागदावर, अर्धी खालच्या.

“उद्या मी स्वतः नेऊन देणार आहे,” ती म्हणाली. “आता सातव्याचे आटे नव्याने पाडायचेत. काकू दाखवणार आहेत. तुम्ही शेडमध्ये यायचं नाही.”

रेघ वाळायला पाकीट टेबलावरच ठेवून ती गेली. थोड्या वेळाने शेडमधून बोल्ट सैल करण्याचे आवाज यायला लागले. त्याने ते बसल्या जागी मोजले, दहापर्यंत. बायको ओट्याजवळ साखरेच्या बरणीशी झटत होती, पण तिने त्याला हाक मारली नाही. पाकीट त्याच्यासमोर हाताच्या अंतरावर पडलं होतं आणि रेघ अजून ओली होती. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.