अकरा सतराची शिंक

सव्वाशेरला खरं बोलायची सवय नव्हती, यात त्याचा दोष नाही. तशी गरजच कधी पडली नव्हती. धंदा रेडिओ दुरुस्तीचा. रेडिओ यायचा आठवड्याला एक, वेळ उरायचा सहा दिवसांचा. कुणी म्हणालं, आमच्या विहिरीत हातभर मासा आहे, की हा सांगणार, आमच्या विहिरीतला मासा पोहऱ्यात बसून वर यायचा, घरच्यांची विचारपूस करून परत जायचा. म्हणून नाव पडलं सव्वाशेर.

एका सोमवारी सलूनमध्ये, एका गालावर फेस असताना, सौरवादळाचा विषय निघाला. पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या.

"चार ओळी?" सव्वाशेर म्हणाला. "अहो, सूर्याला सर्दी झालीय. गुरुवारी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी शिंकणार! तीन दिवस वीज नाही. आणि लोखंडी कपाटाला कुलूप लावू नका, परत उघडायचं नाही."

सलून पोट धरून हसलं. सव्वाशेर दुसरा गाल करून घेऊन घरी गेला आणि सगळं विसरला.

बुधवारी सकाळी तो थोरल्या बहिणीकडे गेला, तर तिचं कपाट सताड उघडं.

"ताई, कपाट का उघडं?"

"कुलूप अडकतं म्हणे. उद्या अकरा सतराला."

आपलीच थाप सव्वाशेरला परत भेटली. पोटचं पोर गावभर हिंडून, मिशा फुटून परत यावं आणि बापाला ओळख दाखवू नये, तशी गत!

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. ताईनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा जाईना म्हणून सहा महिने मशीनवर चादर पडलेली. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या, अकरा वाजता.

"मी नाही जायची," ताई म्हणाली. "डोळा उघडा टाकलाय आणि दिवे गेले, म्हणजे? दुपारी कळवते दवाखान्यात."

कळवलं की पुढची तारीख चार महिन्यांनी. आणि मोतीबिंदू कडक होत चाललाय, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"ताई, ती थाप माझी आहे!"

"तुझी? शेजारणीनं फोनवरून वाचून दाखवली. परदेशातल्या शास्त्रज्ञांची आहे. आता दुसऱ्याचं शास्त्रही आपल्या नावावर खपवतोस होय रे?"

जन्मात पहिल्यांदा कबुली दिली, तर तीच थाप ठरली. सव्वाशेर तडक सलूनमध्ये गेला.

"अकरा सतरा आलं कुठून?" त्यानं आरशावरच्या घड्याळाकडे बोट केलं. तीन वर्षं बंद पडलेलं. काटे अकरा सतरावर. "तिथून! थाप पटायला मिनिटं लागतात म्हणून वर बघितलं, झालं!"

सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला, "तू सांगितलंस तेव्हा मी हसलोच होतो. पण मग तिघांकडून आलं. तिघं खोटं बोलतील?"

"त्या तिघांना कुणी सांगितलं?"

सलूनवाल्यानं वस्तरा दुसऱ्यांदा पुसला. "मीच."

आता याला साक्षीला नेण्यात अर्थ नव्हता. ताई म्हणाली असती, चोर चोर मावसभाऊ. सव्वाशेर वेधशाळेत गेला. तिथल्या एका बाईंचा रेडिओ त्यानं दुरुस्त केला होता.

"बाई, वादळ खोटं आहे ना?"

"खरं आहे, काका."

सव्वाशेरनं खुर्ची ओढून घेतली.

"सूर्यावरून झोत निघालाय," बाई म्हणाल्या. "मध्यम आहे. उद्या पोचेल बहुधा. रेडिओवर लांबच्या स्टेशनांची खरखर होईल. घरातले दिवे जायचं काही कारण दिसत नाही."

"किती वाजता पोचेल?"

"दुपारच्या सुमाराला. सहा-सात तास इकडेतिकडे."

"एवढं मोठं खातं, आणि मिनिट सांगता येत नाही?"

"मिनिट सांगणारा भेटला, तर त्याच्यापासून लांब राहा."

सव्वाशेरला ठसका लागला.

तिथून तो दवाखान्यात गेला. वॉचमनच्या मागे लागून जनरेटर चालू करायला लावला, आवाज कानानं तपासला आणि मगच ताईकडे आला.

"वादळ येतंय," तो म्हणाला. "मध्यम."

"किती वाजता?"

"ठाऊक नाही."

ताईनं मान वर केली. "काय म्हणालास?"

"ठाऊक नाही, ताई. दुपारी, बहुधा. सहा-सात तास इकडेतिकडे. दिवे जाणार नाहीत असं वाटतं. गेलेच, तर जनरेटर आहे, मी बघून आलोय. आठ-दहा सेकंदांत लागतो."

ताई त्याच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "पाळण्यात होतास तेव्हापासून तुझं ऐकतेय. तुला कधी एखादी गोष्ट ठाऊक नाही, असं झालं नव्हतं." आणि हसली. "तू 'बहुधा' म्हणालास म्हणजे पार बाहेरून चौकशी करून आला असणार. पदरचं सांगताना तुला मिनिटंही ठाऊक असतात."

तिनं चाचपडत कपाट लावलं आणि कुलूप घातलं.

गुरुवारी ऑपरेशनच्या खोलीबाहेर सव्वाशेर मांडीवर रेडिओ घेऊन बसला होता. अकरा सतरा झाले. दारावरचा लाल दिवा जळत राहिला. अकरा अठरा झाले. छातीवरून जातं उतरलं. पुढे तीनच्या सुमाराला, ताई पट्टी बांधून पडलेली असताना, लांबचं स्टेशन खरखरत बुडालं आणि पंखा आपला फिरत राहिला.

"आलं का रे तुझं वादळ?" ताईनं विचारलं.

"आलं, बहुधा."

महिन्याभरानं मशीनवरची चादर निघाली. ताईनं दोरा ओला केला, एक डोळा मिटला, आणि सुईत पहिल्याच फटक्यात दोरा! सव्वाशेर तिच्यापेक्षा जास्त फुगला.

"ताई, त्या दिवशी खरखरीत काय ऐकलं सांगू? सूर्य स्वतः बोलला. म्हणाला, शिंक आलेली, पण ताईंचं ऑपरेशन होतं म्हणून नाक दाबून धरलं."

"हो का? आणि किती वाजता म्हणाला?"

"अकरा..." सव्वाशेरनं तिच्या नव्या डोळ्याकडे पाहिलं. त्यातून आता काही सुटत नव्हतं. "बहुधा सकाळी."